आमची वाटचाल : आरशावर पडदा पडला तेव्हा

सुरुवातीला आमच्या पिलाटीस व्यायामवर्गात दोन रिफॉर्मर (स्प्रिंगांवर सरकणाऱ्या पाटाचं व्यायामयंत्र), आठ मॅट आणि भिंतभर आरसा. आरशाचं मला भारी कौतुक. विद्यार्थी आरशात बघायचे, मी विद्यार्थ्यांकडे, आणि माझी टकळी अखंड चालू: बरगड्या आत, हनुवटी खाली, उजवा खांदा सैल सोडा. ‘तुमच्या नजरेतून काही सुटत नाही’ असं कुणी म्हटलं की मी खूश.

मग तीन वर्षं नियमित येणाऱ्या एक बाई दोन महिने परगावी राहून आल्या. म्हणाल्या, ‘‘मॅट नेली होती, पण एक दिवस अंथरली नाही. नीट करतेय की नाही, सांगणार कोण?’’ त्या कौतुकानंच बोलत होत्या, मला मात्र ते बोचलं. जोसेफ पिलाटीस (1883–1967) यांनी आपल्या पद्धतीला ‘कंट्रोलॉजी’ म्हटलं होतं. आमच्याकडे कंट्रोल सगळा माझ्या हातात!

पंचाईत अशी की वाकडं शरीर त्या माणसाला वाकडं वाटतच नाही. वर्षानुवर्षं एकाच पायावर भार देणाऱ्याला खरंच सरळ उभं केलं, तर तो म्हणतो, ‘‘मी कलतोय.’’ त्याला हाताला लागेल अशी खूण हवी.

म्हणून आता पहिल्याच दिवशी उताणं झोपवतो, गुडघे उभे. ओटीपोटावर दोन्ही हातांचा त्रिकोण: तळहातांची मनगटाकडची बाजू कमरेच्या पुढच्या दोन उंचवट्यांवर, बोटांची टोकं खाली जांघेमधल्या हाडावर. त्रिकोण जमिनीला समांतर, म्हणजे न्यूट्रल, कमरेची नैसर्गिक स्थिती. बोटं वर आली तर कंबर जमिनीला चिकटली, मनगटं वर आली तर कमरेची कमान वाढली. मग एक पाय उचलायचा आणि त्रिकोण नेमका कधी हलला ते आम्हाला सांगायचं. तोवर आम्ही गप्प.

हे गप्प बसणंच आमच्या शिक्षकांना जड गेलं. एक जण तर हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहायची. आरशावर पडदा टाकला तेव्हा काही विद्यार्थी ‘आता लक्ष देत नाहीत’ म्हणून सोडून गेले. अगदीच चुकलं नाही त्यांचं. नवख्याला, दुखणाइताला हात लावून दाखवावंच लागतं. जोशात आम्ही तेही बंद केलं होतं.

परवा त्याच बाई ‘हंड्रेड’ (उताणं झोपून, डोकं उचलून, हात वरखाली हलवत शंभरपर्यंत मोजायचा व्यायाम) करत होत्या. साठाच्या आसपास थांबल्या, डोकं टेकवलं, हात बरगड्यांवर ठेवून एक श्वास सोडला आणि पुढचे मोजायला लागल्या. काय बिघडलं होतं, मला दिसलंच नव्हतं.