फुली

नव्या सत्राचे वेळापत्रक संगणकावर बसवताना पहिले काम असते ते शिक्षकांच्या फुल्या भरण्याचे. प्रत्येकाच्या नावासमोर सहा दिवस आणि रोजचे आठ तास अशी ४८ घरांची जाळी उघडते, आणि ज्या तासाला तो शिक्षक मिळणार नाही त्या घरावर टिचकी मारली की फुली उमटते. काल दुपारी मी याच उद्योगात असताना मध्येच थबकलो, कारण एका बाईंनी दिलेला कागद संपूर्ण कोरा होता.

बाकीचे कागद भरगच्च होते. कोणाला गुरुवारचा पहिला तास नको, कोणाला शनिवारचा शेवटचा. तासिका तत्त्वावर येणारे एक सर तर आठवड्यातून दोनच दिवस मोकळे. फुलीची गंमत अशी की ती कारण सांगत नाही. तान्ह्या मुलाला कोणाकडे तरी सोपवून यायचे असो किंवा सकाळी उठणे जिवावर येत असो, यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच. काही प्रणालींत ‘शक्यतो नको’ अशा अर्थाचे प्रश्नचिन्हही असते. परंतु आपली अडचण ‘शक्यतो’च्या सदरात गेलेली कोणालाच रुचत नाही. पहिल्या तासापुरते पाहायचे तर वीस तुकड्यांना एकाच वेळी वीस शिक्षक लागतात, शिक्षक आहेत चोवीस, म्हणजे कोणत्याही दिवशी चौघांनाच सूट देता येते. यंदा ती मागणारे नऊ निघाले.

माझे वडील हेच काम हाताने करीत. खोलीभर तक्ता अंथरलेला, त्यावर रंगीत कागदांच्या चिठ्ठ्या, आणि त्या उडू नयेत म्हणून ऐन उन्हाळ्यात पंखा बंद. आम्ही भावंडे भिंतीला अंग घासत पलीकडे जात असू. एकदा मी दार जोरात लोटले आणि अर्धा आठवडा कोपऱ्यात जाऊन पडला. ते रागावले नाहीत. चष्मा काढून नुसते बसून राहिले, आणि मला त्याचीच अधिक भीती वाटली. स्वतःच्या चिठ्ठ्या ते सर्वांत शेवटी, उरलेल्या घरांत ठेवीत.

त्यांना ज्या गोष्टीने छळले तिची गणिती बाजू मला फार उशिरा कळली. सगळे शिक्षक सर्व वेळ हजर असतील तर हे कोडे सोपे आहे; ज्या वर्गाला किंवा शिक्षकाला सर्वाधिक तास असतील तेवढ्याच तासांत सगळे बसते, हे हंगेरियन गणिती कोनिग यांच्या १९१६ च्या प्रमेयातून निघते. मात्र ‘अमुक वेळी मी नाही’ ही अट आली की चित्र पालटते. ईवन, इताई आणि शमीर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवले की सगळ्या वेळापत्रकात मिळून तीनच तास असले आणि प्रत्येक शिक्षकाला दोन किंवा तीनच तास शिकवायचे असले, तरी हा प्रश्न एनपी-पूर्ण वर्गात मोडतो. म्हणजे वर्ग आणि शिक्षक वाढत गेले तरी हमखास झटपट उत्तर देईल अशी रीत आजवर सापडलेली नाही. सारी अवघड गाठ आहे ती या फुल्यांतच.

फुल्या मारण्यालाही अर्थात मर्यादा आहे. आठवड्याला ३० तास घेणाऱ्याने १८ फुल्या मारल्या की उरलेले प्रत्येक घर भरलेच पाहिजे, तसूभर हालचालीला जागा राहत नाही; आणि घरे मोकळी असली तरी ती सुटी सुटी असतील तर प्रयोगाचा जोडतास बसायचा कुठे?

यंत्र सहसा अडलेल्यांचे तास आधी लावते आणि ज्याची काहीच अट नाही त्याला उरल्यासुरल्या फटींत कोंबते. त्या बाईंच्या वाट्याला तसेच आले: रोज शेवटचा तास, मध्ये दोन-दोन तासांची पोकळी. मी विचारले, “बाई, खरंच काही अडचण नाही?” त्या म्हणाल्या, “नाही हो सर, कुठेही बसवा.”

त्या वर्गावर गेल्यानंतर मी त्यांच्या जाळीत शनिवारच्या शेवटच्या तासावर, कोणालाही न विचारता, एक फुली मारली आणि वेळापत्रक पुन्हा चालवले. बराच वेळ चाक फिरत राहिले. शेवटी चित्रकलेचे दोन तास बाहेरच राहिले. ते अजून बसलेले नाहीत.