रिकाम्या झोपाळ्यावरचं वजन

मुलांच्या डिप्लोमा फिल्मची सुरुवात माझ्याकडे आवाजाच्या कामासाठी आली तेव्हा तिच्यावर संगीत आधीच चढवलेलं होतं. सदाशिव पेठेतला वाडा, रात्र, ओसरीवर रिकामा झोपाळा मंद हलतोय. त्यावर तयार संगीताच्या लायब्ररीतली किंचाळणारी व्हायोलिनं, आणि ४०व्या सेकंदाला एक दणका. दणक्याने माणूस दचकतो, पण भीती तिथेच संपते. दिग्दर्शक मुलीला तसं सांगितलं तर ती हिरमुसली. “मग ठेवू काय, ताई?”

म्हटलं, आधी झोपाळा ऐकू. त्यांनी नेटवरून घेतलेली करकर कुठल्याशा दाराची होती आणि मंदावत जात होती. सात फुटी कड्यांचा झोपाळा एका हेलकाव्याला साधारण ३ सेकंद घेतो, झोका लहान झाला तरी जवळपास तेवढेच. आवाज बारीक होतो, लय तीच राहते. लहानपणापासून झोपाळे ऐकलेल्या कानाला ही चूक लगेच खटकते.

मग त्याच वाड्यात रात्री दोनला गेलो, कारण दिवसा बाहेरच्या स्कूटरी थांबत नाहीत. पंखे बंद, फ्रिज बंद. (गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहत नाही.) एक माइक तुळईजवळ, एक फळीखाली. आधी दोन मिनिटं नुसती ओसरी रेकॉर्ड केली. झोपाळ्याला हात लावणार तोच आतून आजींचा आवाज आला, “रिकामा हलवू नका रे. बसा कुणीतरी त्यावर.”

त्यांच्या घरात रात्री दोन वाजता वाद कसला घालायचा? दिग्दर्शक मुलगीच बसली. टेक वाया जाणार असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी ते चित्रावर लावलं. झोका मधोमध आला की कड्यांवर ताण सगळ्यात जास्त येतो, आणि तिथे तुळई खालच्या पट्टीत कण्हत होती. वजनाने हेलकाव्याचा वेळ फारसा बदलत नाही, त्यामुळे आवाज चित्राशी जुळून गेला. डोळ्यांना झोपाळा रिकामा दिसत होता आणि कानांना त्यावर कुणीतरी बसलेलं कळत होतं. खोलीत कुणी बोललं नाही.

व्हायोलिनं गेली. त्यांच्या जागी तानपुरा, जोडाच्या, म्हणजे एरवी एकाच सुरात लावायच्या, दोन तारांत २ हर्ट्झचा फरक ठेवून, म्हणजे सेकंदाला दोनदा धडधडल्यासारखं होतं. तोही करकरीच्या पुष्कळ खाली. मोबाइलच्या स्पीकरला तुळईचा खर्ज झेपत नाही, म्हणून लाकडाचा मधल्या पट्टीतला खरखरीतपणा वर आणला. सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

शेवटी ४०व्या सेकंदाशी आले. दणका काढल्यावर तिथे टेकमधलाच एक आवाज उघडा पडला होता: झोका देताना शहाबादीवर घासलेला तिचा पाय. तो पुसायला माउस नेला, तर तिने माझा हात धरला.

“ताई, राहू दे ना तो.”