हात मांडीवर ठेवायची फेलोशिप

बालरोगात एमडी झाल्यावर मी बालविकास आणि वर्तन या विषयाची फेलोशिप घेतली. बॅचमधल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आता दिवसभर मुलांशी खेळणार?" तेव्हा राग आला होता. पुढे कळलं की प्रश्न बरोबरच होता, खेळायचंच होतं. मला खेळता येत नव्हतं, एवढाच घोळ.

रेसिडेन्सीत अंगात घाई मुरते. झटका आलेलं, धाप लागलेलं मूल समोर आलं की डोक्याआधी हात चालतात. इथे पहिल्याच आठवड्यात ते हात नडले. दोन वर्षांचा मुलगा, समोर एकेक इंचाचे लाकडी ठोकळे. या वयाची मुलं साधारण सहाचा मनोरा रचतात. यानं चार रचले, पाचवा कलंडायला लागला आणि मी नकळत बोटानं सरळ केला. मला शिकवणाऱ्या मॅडमनी काही न बोलता फॉर्मवरची ती ओळ खोडली. मुलगा गेल्यावर म्हणाल्या, "तो मनोरा तुम्हा दोघांचा झाला. रिपोर्ट कुणाचा लिहायचा?"

तेव्हापासून हात मांडीवर. सूचना चाचणीच्या मॅन्युअलमध्ये असेल तशीच, शब्द न बदलता द्यायची. उत्तर बरोबर आलं म्हणून "शाब्बास" म्हणायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. करून बघा, फार जड जातं.

खरी परीक्षा घेतली ती एडॉसनं. ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या निदानासाठी वापरतात ती ही चाचणी. लहान मुलांसाठी तिच्यात साबणाचे फुगे आहेत, बाहुलीचा वाढदिवस आहे. आणि एक साधा रबरी फुगा. तो फुगवायचा, सोडून द्यायचा, तो खोलीभर फुर्र करत फिरतो, मूल हसतं. मग पुन्हा तोंडाला लावायचा आणि थांबायचं. आता मूल काय करतं? फुग्याकडे बघून तुमच्याकडे बघतं का? हात पुढे करतं का? की तुमचं मनगट धरून फुग्याकडे ढकलतं, जणू तुमचा हात म्हणजे एक अवजार? पाच सेकंद गप्प बसणं इतकं लांबलचक असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

बोट दाखवण्याचंही तसंच. 'ते दे' म्हणून दाखवलेलं बोट वेगळं आणि 'ते बघ ना' म्हणून दाखवलेलं वेगळं. दुसऱ्यात मागणं काहीच नसतं, नुसता वाटेकरी हवा असतो. इतकी वर्षं मुलं तपासून हा फरक मी कधी टिपला नव्हता.

एडॉस शिकताना चाचणीचे व्हिडिओ बघून आपण गुण द्यायचे आणि ते जाणत्या परीक्षकांच्या गुणांशी ताडून बघायचे. संशोधनासाठी ८० टक्के जुळणी लागते. मी पहिल्या खेपेला नापास झाले, कारण मी सवलत देत होते. 'लाजत असेल', 'दमला असेल' असं मनाशी म्हणत गुण द्यायचे. दयाळूपणा वाटायचा तो. पण त्यानं निदान लांबतं आणि मुलाचे महिने वाया जातात.

न्यूरॉलॉजी, जेनेटिक्स, मानसोपचार ही पोस्टिंग्ज ठीक झाली. एडीएचडीच्या, म्हणजे अतिचंचल किंवा लक्ष न लागणाऱ्या मुलांच्या ओपीडीत एक धडा पक्का झाला: घरी आणि शाळेत, किमान दोन ठिकाणी त्रास दिसल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. बोलणं उशिरा आलेलं मूल असेल तर आधी श्रवणचाचणी, बाकी सगळं नंतर. शाखा तशी तरुण आहे. अमेरिकेतसुद्धा तिची पहिली बोर्ड परीक्षा २००२ साली झाली. त्यामुळे शिकवणाऱ्यांतही खूप मतभेद, आणि मला ते आवडायचे.

सगळ्यात वाईट जमलं ते सांगणं. पहिल्यांदा एका जोडप्याला निदान सांगितलं तेव्हा मी वीस मिनिटं बोलले: स्पेक्ट्रम, निकष, थेरपी, सगळं. वडिलांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टर, चांगलं की वाईट?" मॅडमची पद्धत उलटी होती. त्या आधी विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतंय?" आणि गप्प बसायच्या. बऱ्याचदा तो शब्द आईच उच्चारायची. मला हे जमायला दुसरं वर्ष उजाडलं.

शेवटच्या महिन्यात तीन वर्षांची एक मुलगी आली. फुगा तोंडाजवळ धरून मी थांबले. तिचे वडील खुर्चीतून, "अगं, माग ना" म्हणायच्या बेतात होते. मी नजरेनंच थोपवलं. तिनं फुग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फुगा माझ्या हातातून काढून घेतला आणि नेऊन वडिलांच्या तोंडाला लावला. याचे गुण कसे द्यायचे यावर मॅडमचा आणि माझा पंधरा मिनिटं वाद झाला. त्या वेळी मॅडमनी माझं ऐकलं.