तुम्ही विचारलंत म्हणून: खुनी कोण, हे मी का सांगत नाही

लंडनच्या पूर्व भागात राहते म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, जॅक द रिपर, म्हणजे १८८८ साली इथल्या व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून करून कधीच न सापडलेला तो खुनी, खरा कोण होता गं, तू तर त्यावर एवढं वाचतेस. दुसरा प्रश्न, मग खुनांच्या जागा दाखवणाऱ्या त्या रात्रीच्या टूरला आमच्याबरोबर का येत नाहीस. दर वेळी मी विषय बदलते आणि मग लोकांना वाटतं ही तिकडे जाऊन शिष्ट झालीय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

केस तुम्हाला माहितीय, त्यात शिरत नाही. ड्रुइट, कोस्मिन्स्की, सिकर्ट ही संशयितांची नावं तुम्हाला पाठ असतात, आणि एकाविरुद्धही कोर्टात टिकेल असा पुरावा नाही. बस, माझ्याकडून एवढंच.

मला त्या सगळ्यात टोचतात ते चार पेन्स. व्हाइटचॅपलच्या लॉजिंग हाउसमध्ये एका रात्रीच्या खाटेचा हा भाव. ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे पॉली निकोल्सकडे ते नव्हते म्हणून तिला बाहेर काढलं, तर ती हसून म्हणाली, आणते आत्ता पैसे, बघा माझी टोपी किती छान आहे. अडीचच्या सुमारास एलन हॉलंड या ओळखीच्या बाईने तिला रस्त्यात गाठून चल म्हटलं, तेव्हा पॉलीनेच सांगितलं की आज तीनदा खाटेपुरते पैसे हातात आले आणि तीनदा उडवले. तासाभराने ती बक्स रोवर मेलेली सापडली. आठ दिवसांनी ॲनी चॅपमन, तीही खाटेचे पैसे नाहीत म्हणूनच बाहेर. ती आजारी होती, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवलंय की फुप्फुसं खराब होती आणि शरीर उपासमारीचं होतं.

लगेच कोणीतरी म्हणतंच, पण त्या प्यायच्या ना, आणि 'तसल्या'च होत्या ना. हो, प्यायच्या. पॉलीला त्याच वर्षी मे महिन्यात वॉंड्सवर्थला एका घरात नोकरी लागली होती, तिने वडिलांना पत्र लिहिलं की जागा चांगली आहे, माणसं दारू न पिणारी आणि धार्मिक आहेत, माझं जमेल असं वाटतं, आणि जुलैत ती त्या घरातले कपडे घेऊन पळाली. मी कुणालाही देवी बनवायला बसलेली नाही. पण पाचही जणी त्याच धंद्यातल्या होत्या असं जे बिनदिक्कत सांगतात त्यांनी पॉली, ॲनी आणि केट, म्हणजे कॅथरिन एडोज, यांच्याबद्दलचा पुरावा एकदा स्वतः बघावा. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. आणि समजा होत्या, तर? मग काय झालं?

आता टूरचं. एकदाच गेले, नणंदेचा मुलगा आणि त्याचे मित्र आले होते म्हणून. ऑक्टोबरातली थंडी होती. केटचा खून झाला त्या माइटर स्क्वेअरमध्ये आता काचेची ऑफिसं आहेत, बाजूला प्रायमरी शाळा आहे. तिथे गाइडने खिशातून छोटा प्रोजेक्टर काढला आणि कॅथरिन एडोजचा शवागारातला फोटो भिंतीवर पाडला, म्हणाला, आता पुढे या, जवळून बघा. लोकांनी मोबाइल वर धरले. कोणीतरी हसलं, घाबरून असेल, माहीत नाही. आमचा मुलगा म्हणाला, मामी, तुम्ही पुढे या ना, तुम्हाला दिसत नाहीये. मला दिसत होतं.

कारण मला तिचा शनिवार माहीत होता. केट आणि तिचा जोडीदार जॉन केली केंटहून हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांची, तोडणी करून नुकते परत आले होते, कमाई जवळजवळ नाही. जॉनने चौकशीत सांगितलं की आदल्या रात्री सहा पेन्स होते, तर केटच म्हणाली, चार तू घे आणि खाटेवर झोप, मी माइल एंडच्या बेघरांच्या वॉर्डात जाते. मग जॉनचे बूट अडीच शिलिंगला गहाण टाकून त्यांनी खायला आणि चहा-साखर घेतली. दुपारी ती मुलीकडे पैसे मागायला निघाली. मुलीने आई सारखी मागते म्हणून पत्ता बदललेला, आईला कळवलाच नव्हता. रात्री साडेआठला ती ऑल्डगेटला प्यालेली सापडली, बिशप्सगेट पोलिस ठाण्यात नेलं, नाव विचारलं तर म्हणाली, काही नाही. उतरल्यावर एकच्या सुमारास सोडून दिली. किती वाजले, तिने विचारलं, आणि घरी गेल्यावर आता मार खाणार असं म्हणाली. पावणेदोनला ती या चौकात होती.

तिच्याजवळच्या वस्तूंची पोलिसांनी यादी केली. चहाचा डबा, साखरेचा डबा, साबणाचे सहा तुकडे, बारीक दातांचा कंगवा, पांढऱ्या मुठीची सुरी, चमचा, टाचण्या-सुया खोचलेला लाल फ्लॅनेलचा तुकडा, पांढऱ्या चिंध्यांचे बारा तुकडे, काहींवर डाग, बहुधा पाळीचे. गहाणाच्या चिठ्ठ्यांवरूनच ओळख पटली, जॉनने पेपरात त्यांच्याबद्दल वाचलं आणि तो ठाण्यात आला.

मी तिथून निघून आले, कोणाला सांगितलंही नाही. घरी त्यावरून बोलणी खाल्ली, पोरांना एकटं सोडलंस म्हणून. पोरं पंचवीसची होती.

एके काळी मीही संशयितांचे तक्ते करायची, आणि ती जुनी मी अजून डोक्यात माझ्याशी भांडत असते. म्हणते, खुनी वेळेत पकडला असता तर केट वाचली असती, मग तो कोण होता हे विचारणं वाईट कसं? खरंय तिचं, १८८८ साली तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. मी म्हणते, आज त्याने कोण वाचणार? त्यावर ती म्हणते, आणि तू काय वेगळं करतेस गं? ते साबणाचे तुकडे, ते डाग, तीही मेलेल्या बाईच्या अंगावरून काढलेली यादीच ना, तूही तिची पिशवी उचकटतेसच की. खून झाला नसता तर तुला केट एडोज हे नावही कळलं नसतं.

याला माझ्याकडे उत्तर नाही. ती यादी मी तरीही वाचते, आणि भिंतीवरच्या त्या फोटोसमोर तरीही उभी राहणार नाही. टूरला तुम्ही जरूर जा, अडवत नाही. येताना मुलीच्या बदललेल्या पत्त्याबद्दल गाइडने काही सांगितलं का, तेवढं मात्र मी विचारणार आहे.