रेव्हिट, व्ह्यू टेम्प्लेट आणि सोळा व्हेंटिलेटर

मागच्या वर्षी ऐन पावसात मुलुंडच्या साइटवरून सुपरवायझरचा फोन आला. मी दादरच्या ब्रिजवर, एका हातात छत्री, खांद्याला लॅपटॉप, मागून लोक ढकलतायत. तो म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या मजल्यापासून टॉयलेटला व्हेंटिलेटर नाहीयेत ना? आम्ही ब्लॉक लावून पॅक केलंय, सहज कन्फर्म करायला फोन केला."

सहज! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दोन मजले झाले होते, मजल्यावर चार फ्लॅट, फ्लॅटला दोन टॉयलेट, म्हणजे सोळा भोकं. नशीब एएसी ब्लॉकची भिंत होती, कटर लावून कापता आली, पण भोकांवरचे लिंटेल (आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) नव्याने टाकायला लागले आणि सोसायटीचे सेक्रेटरी नेमके त्याच दिवशी साइट बघायला आले होते, त्यामुळे जे काय व्हायचं ते झालं.

ऑफिसला पोचल्या पोचल्या मी आधी ज्युनिअरला झापलं. (हे पुढे लक्षात ठेवा.) मग रेव्हिटची फाइल उघडली (रेव्हिट म्हणजे बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल करून त्यातूनच ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर). थ्रीडीमध्ये सगळे व्हेंटिलेटर जागच्या जागी, शेड्यूलमध्ये, म्हणजे यादीत, पण नंबरासकट बरोबर. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या प्लॅनमध्ये दिसतायत, तिसरा ते अकरा या सारख्या मजल्यांच्या एकाच टिपिकल प्लॅनमध्ये भिंत सलग. आणि टॉयलेट सगळे डक्टला लागून, म्हणजे एलेव्हेशनमध्ये (बाहेरून दिसणाऱ्या चित्रात) पण ते कुठेच दिसायचा प्रश्न नाही. साइटवर माणसाच्या हातात तोच एक ए-वन कागद, त्यात भिंत सलग, त्याने भिंत सलग बांधली, त्याचं काय चुकलं?

तर झालं असं होतं. रेव्हिटमध्ये प्लॅन म्हणजे बिल्डिंग एका उंचीवर आडवी कापून वरून बघितलेलं चित्र. ही कापायची उंची, म्हणजे कट प्लेन, व्ह्यू रेंज नावाच्या सेटिंगमध्ये असते, नव्या फाइलला मेट्रिक टेम्प्लेट घेतलं की बाय डिफॉल्ट १२०० मिलीमीटर, टॉप २३००, बॉटम शून्य. बेडरूमची खिडकी ९०० ला सुरू होते, ती कापली जाते, दिसते. आपला टॉयलेटचा व्हेंटिलेटर १५०० ला सुरू होतो, म्हणजे सुरी त्याच्या खालूनच जाते आणि वर भिंतच भिंत. पहिल्या मजल्याच्या प्लॅनमध्ये कोणीतरी कट प्लेन १२०० चा १६०० करून ठेवला होता आणि दुसरा मजला त्याच ड्रॉइंगवर होता म्हणून तिथवर सगळं ठीक होतं. टिपिकलचा व्ह्यू (मॉडेलचं प्रत्येक चित्र म्हणजे एक व्ह्यू) वेगळा, त्याला कोणी हात लावला नव्हता.

ते कोणीतरी म्हणजे मी. फेब्रुवारीत, रात्री साडेनऊला, घाईत. ज्युनिअरला नंतर चहा पाजला, वडापाव खाऊ घातला, पण ती आजही काढते विषय.

मी मूळची ऑटोकॅडवाली. कॉलेजपासून लेयर, लेयर आणि लेयर. तिथे एखादी गोष्ट दिसत नसेल तर कारणं मोजून तीन-चार, लेयर ऑफ आहे, फ्रीझ आहे, व्ह्यूपोर्टमध्ये फ्रीझ आहे, नाहीतर ती काढलेलीच नाहीये. रेव्हिटमध्ये गोष्ट असते पण दिसत नाही याची कारणं मी एकदा बसून मोजली तर दहाच्या वर गेली. व्ह्यू रेंज, व्हीव्हीमध्ये (काय दाखवायचं त्याच्या यादीत) कॅटेगरी बंद, फिल्टर, वर्कसेट बंद, फेज चुकीचा, डिटेल लेव्हल, क्रॉपच्या बाहेर, ईएच दाबून कायमचं लपवलेलं, एचएच दाबून तात्पुरतं लपवलेलं, डिझाइन ऑप्शन, आणि सगळ्यात भारी म्हणजे डिसिप्लिन. आमच्या एका मुलाने चुकून प्लॅनचं डिसिप्लिन स्ट्रक्चरल केलं, तर सगळ्या पार्टिशन भिंती गायब, कारण स्ट्रक्चरलमध्ये नॉन-बेअरिंग भिंती दाखवतच नाही ते. तो पांढराफटक. बॅकअप शोधायला लागला बिचारा. भिंती होत्या तिथेच.

आता मुद्द्याचं. आमच्या ऑफिसात सगळ्यात वाईट सवय ही होती की ज्या व्ह्यूमध्ये काम करायचं तोच व्ह्यू शीटवर, म्हणजे छापायच्या कागदावर. म्हणजे तुम्ही कॉलम हलवताय, मध्ये फर्निचर येतंय, केलं फर्निचर बंद. डायमेन्शन गर्दी करतायत, केलं ईएच. काम झालं, सात वाजले, फास्ट लोकल पकडायची आहे, कोण परत चालू करतंय? दुसऱ्या दिवशी तेच शीट पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. तात्पुरतं लपवलेलं तरी फाइल बंद केली की निघून जातं आणि भोवती निळसर चौकट दिसते म्हणून कळतं. ईएचचं काहीच कळत नाही, खालच्या बल्बवर क्लिक करून बघितलं तरच गुलाबी होऊन सगळी भुतं समोर येतात. आम्ही त्या मुलुंडच्या फाइलमध्ये बल्ब लावून बघितला तेव्हा एका शीटवर तर अख्खा लिफ्टच्या बाजूचा कॉलम गुलाबी होता.

म्हणून आधी व्ह्यू वेगळे केले. प्रत्येक मजल्याचे दोन, एक कामाचा आणि एक शीटचा. कामाच्या व्ह्यूला नावाआधी "काम" आणि करणाऱ्याची आद्याक्षरं, त्यात कोणी काय वाट्टेल ते करा, लाल करा, निळं करा, लपवा. शीटच्या व्ह्यूमध्ये जाऊन मॉडेलिंग करायचं नाही, फक्त डायमेन्शन आणि टेक्स्ट. प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये दोघांचे फोल्डर पण वेगळे लावले. एवढ्यानेच निम्मी भांडणं संपली, खरं सांगते.

मग शीटच्या व्ह्यूंना व्ह्यू टेम्प्लेट, म्हणजे सेटिंगचा साचा. इथे आमची जुनी चूक अशी की आम्ही टेम्प्लेट "अप्लाय" करायचो. अप्लाय म्हणजे एकदा रंग मारला आणि सोडून दिला, नंतर कोणीही येऊन बदलू शकतो, टेम्प्लेट बदललं तरी त्या व्ह्यूला पत्ता नाही. त्याऐवजी व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये टेम्प्लेट नेमून टाकायचं, मग त्या सगळ्या सेटिंग राखाडी होतात, हात लावता येत नाही, आणि टेम्प्लेटमध्ये एक बदल केला की अकरा मजल्यांत एकदम जातो. कट प्लेन पण टेम्प्लेटमध्येच येतो. हे मला आधी कळलं असतं तर सोळा भोकं वाचली असती.

पण मग सगळीकडे १६०० का नाही केलं? केलं होतं एक दिवस. किचनची वरची कपाटं कापली जायला लागली, ओटा नीट वाचता येईना, जिन्याची तुटक खूण दोन-तीन पायऱ्या पुढे सरकली. तेव्हा कट प्लेन १२०० लाच ठेवला आणि टॉयलेटभोवती प्लॅन रीजन काढला, म्हणजे तेवढ्याच चौकोनात वेगळी उंची. डक्टच्या दोन्ही बाजूंचे टॉयलेट एकाच रीजनमध्ये बसतात. त्याची तुटक बॉर्डर छापायच्या टेम्प्लेटमध्ये बंद करून टाकली, नाहीतर साइटवरून फोन येणार की ही कसली रेघ, बीम आहे का.

आमच्याकडे आता मुख्य टेम्प्लेट तीनच. कामाचं, साइटचं १:५० चं आणि मनपाचं १:१०० चं. आधी तेवीस होती, त्यातल्या चारांची नावं "फायनल", "फायनल नवीन" वगैरे, कोणतं कशाला कोणालाच ठाऊक नाही, सगळी उडवली.

मनपाच्या टेम्प्लेटने मात्र डोकं खाल्लं. रिडेव्हलपमेंट म्हटलं की जुनी बिल्डिंग पण दाखवायची, पाडायचं ते पिवळ्या हॅचमध्ये, नवीन लाल. आम्ही काय करायचो, जुनी चाळ कॅडमध्ये वेगळी काढून वरून पिवळे फिल्ड रीजन (नुसते रंग भरलेले आकार) टाकायचो, आणि कोपऱ्यातलं जुनं मीटर रूम सरकलं की सगळं परत. आता जुनी बिल्डिंग एक्झिस्टिंग फेजमध्ये (फेज म्हणजे कामाचा टप्पा) मॉडेल केली, साधे ठोकळे, खिडक्या-बिडक्या नाही, आणि ती नवीन फेजमध्ये डिमॉलिश केली. पिवळं-लाल फेजच्या ग्राफिक ओव्हरराइडमध्ये ठेवलं आणि आपला एक फेज फिल्टर बनवून मनपाच्या टेम्प्लेटला लावला. साइटच्या टेम्प्लेटला शो कम्प्लीट, त्यात पाडलेलं दिसतच नाही आणि नवीन आपल्या नेहमीच्या रंगात. एकच मॉडेल, दोन तोंडं. एक गोम आहे, टेम्प्लेटमध्ये फेज फिल्टर येतो पण फेज स्वतः येत नाही. म्हणजे चुकून एक्झिस्टिंगचा व्ह्यू डुप्लिकेट केला आणि त्याला टेम्प्लेट लावलं तर सगळं बरोबर असून नवीन बिल्डिंगच नाही. एक अख्खी दुपार गेली होती माझी यात.

आमच्या ऑफिसच्या सरांचं म्हणणं होतं की टेम्प्लेट लॉक केलं की पोरांचे हात बांधले जातात. बरोबर आहे थोडंसं. त्याला उपाय खालच्या पट्टीवर आहे, टेम्पररी व्ह्यू प्रॉपर्टीज, जांभळी चौकट येते, तोवर हवं ते बंद-चालू करा, बंद केलं की परत टेम्प्लेटवर. सरांना दाखवलं तर म्हणाले, "हे आधीपासून होतं?" होतं सर, कित्येक वर्षं होतं.

सरांवरून आठवलं. फाइल स्लो चालते म्हणून सरांनी लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणली, प्रत्येक मशीनला १६ चे ३२ जीबी. दोन दिवस सगळे खूश, तिसऱ्या दिवशी परत गोल फिरतंय. मग बघितलं तर एकेकाचे वीस-वीस व्ह्यू उघडे, थ्रीडीमध्ये सावल्या चालू, वर रिअलिस्टिक. सावल्या बंद केल्या, क्लोज इनअ‍ॅक्टिव्हला (समोरचा सोडून बाकी व्ह्यू बंद करणाऱ्या कमांडला) शॉर्टकट लावला, आणि स्टार्टिंग व्ह्यू म्हणून एक साधं ड्राफ्टिंग व्ह्यू ठेवलं ज्यात फक्त प्रोजेक्टचं नाव आणि "शीटमध्ये मॉडेलिंग करू नका" असं मोठ्या अक्षरात. आधी फाइल उघडली की थेट अख्खी बिल्डिंग सावल्यांसकट उघडायची, चहा घेऊन येईपर्यंत. रॅम फुकट गेली असं नाही म्हणणार, सरांसमोर तर नाहीच.

सर्व्हेचं पण तसंच. टोटल स्टेशनवाला यूटीएमच्या (जगाच्या नकाशावरच्या मीटरमधल्या) आकड्यांत सर्व्हे देतो, मुंबईत नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचा आकडा, २१ लाख मीटरच्या घरात. ते तसंच ओरिजिन टू ओरिजिन आणलं तर प्लॉट रेव्हिटच्या मूळ बिंदूपासून दोन हजार किलोमीटर लांब, आणि रेव्हिटला साधारण ३३ किलोमीटरच्या पुढे चक्कर येते, रेघा थरथरतात, स्नॅप लागत नाही. आधी कॅडमध्ये प्लॉट शून्याजवळ आणा, मग लिंक करा. लिंक, इम्पोर्ट नाही. आणि सर्व्हे फक्त साइट प्लॅनच्या टेम्प्लेटला चालू, बाकी सगळ्यांना बंद.

दोन छोट्या गोष्टी ज्यांनी माझं ब्लडप्रेशर खाली आणलं. एक, ऑप्शन्समध्ये युजर इंटरफेसच्या खाली डबल क्लिकचं सेटिंग असतं, तिथे फॅमिलीला (दरवाजा-खिडकीसारखे तयार घटक) "काहीच करू नको" सांगून टाका. नाहीतर दरवाजावर चुकून दोनदा क्लिक झालं की फॅमिली एडिटर उघडतो आणि नवीन मुलं घाबरून सेव्ह करून परत लोड करतात. दुसरं, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली छोटी चिन्हं आहेत, त्यातलं शेवटचं, सिलेक्ट करताना ओढलं जाणं, ते बंद करा. माउसचा हात जरा हलला की कॉलम २० मिलीमीटर सरकतो आणि कोणाला दिसतसुद्धा नाही. तेव्हाच पिन केलेल्या गोष्टी सिलेक्ट होणं पण बंद करा, ग्रिडलाइन वाचतात.

सहा महिने झाले, टेम्प्लेट टिकून आहेत. ज्युनिअर तर आता माझ्यावरच नजर ठेवून असते, मी शीटच्या व्ह्यूमध्ये भिंत ओढायला गेले की मागून "ताई..." एवढंच.

गेल्या आठवड्यात सुपरवायझरचा परत फोन. "मॅडम, कंपाउंड वॉलला हॅच का नाही? बाकी सगळ्या भिंती काळ्या आणि ही नुसत्या दोन रेघा, काढायची राहिलीय का बांधायची नाही?" पोटात गोळाच आला. टेम्प्लेट बघितलं, व्ह्यू रेंज बघितली, बल्ब लावून बघितला, काही नाही. मग कळलं, दोन मीटरपेक्षा बुटकी भिंत रेव्हिट कापतच नाही, कट प्लेन तिच्या पोटातून गेला तरी नुसती वरून बघितल्यासारखी दाखवतं, आणि आपली वॉल १८०० ची. याला टेम्प्लेटमध्ये औषध नाही. एक फिल्ड रीजन टाकला वरून, पीडीएफ पाठवली, खाली लिहिलं "वॉल बांधायची आहे". त्याचा अंगठा आला.