लस टोचल्यावर पिल्लू नुसतं झोपून राहिलं तर

आमच्या सोसायटीत सध्या कुत्र्याच्या पिल्लांचा सुकाळ आहे, त्यामुळे जिन्यात कुणी ना कुणी अडवतंच. "ताई, काल इंजेक्शन दिलं तेव्हापासून हे उठतच नाहीये हो. काय करू?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: झोपू दे त्याला.

आमची चिंगी गावठी. सेव्हन-इन-वन, म्हणजे अनेक रोगांवरची एकत्रित लस, टोचून घरी आली की ती तडक ओट्याखाली, सिलिंडरशेजारच्या गार फरशीवर पोट टेकून पडते. एरवी ताटली चाटून पुसून ठेवणारी, पण त्या दिवशी दहीभाताचा वास घेऊन मान फिरवते. टोचलेल्या बाजूने उचललं तर कुंई करते. लस पाहून शरीर कामाला लागलंय, त्याचाच हा शीण. एक-दोन दिवसांत उतरतो. पाणी भरलेलं ठेवायचं आणि त्याला खेळवायला जायचं नाही. ताप मोजायचाच असेल तर थर्मामीटरने, गुदद्वारातून. कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून आपल्या हाताला ते कायम तापलेलंच वाटतं. १०४ च्या वर गेला किंवा दोन दिवसांनंतरही उतरला नाही, तर डॉक्टर.

आणि कृपा करून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. "लहान बाळाचं सिरप आहे, थोडंसंच दिलं" हे वाक्य मी ऐकलंय. त्यातलं आयब्युप्रोफेन तर कुत्र्याच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली तर चोळू नका, आपोआप जिरते. तीन आठवड्यांनीही राहिली, वाढत गेली किंवा पाणी-पू येऊ लागला तर मात्र दाखवायची.

खरी घाई कधी करायची, ते मी शेजारच्या लाडूमुळे पाहिलं. लाडू म्हणजे काकूंचा डॅशहाऊंड. संध्याकाळी लस टोचून आणला आणि थोड्याच वेळात काकूंनी बेल वाजवली. "अगं, याचं तोंड बघ गं, कसं झालंय!" नाकापासून डोळ्यांपर्यंत सगळं सुजलेलं, पापण्या जाड होऊन डोळ्यांच्या फटी राहिलेल्या, पोटावर गांधी, आणि तोंड सतत सोफ्याला घासणं चाललेलं. उलटीही झाली होती. ही ॲलर्जी. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं. काकांनी स्कूटर काढली, काकू लाडूला पदराखाली धरून मागे बसल्या. नेहमीचा दवाखाना बंद झाला होता, दुसरा शोधावा लागला. तिथे इंजेक्शनं दिली आणि रात्री उशिरा तोंड ओळखीचं दिसू लागलं.

याहून वाईट प्रकार काही मिनिटांतच सुरू होऊ शकतो: पिल्लू लटपटतं, कोसळतं, धाप लागते, हिरड्या पांढऱ्या पडतात. म्हणून लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावरच बसा. आपल्या पिल्लाच्या हिरड्या एरवी कशा दिसतात तेही पाहून ठेवा. चिंगीच्या हिरड्या अर्ध्या काळ्या आहेत, त्यामुळे मी तिच्या गुलाबी भागावर बोट दाबून बघते. रंग दोन सेकंदांत परत यायला हवा.

घाबरवायचं नाहीये. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा लाखांवर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लसीनंतर तीन दिवसांत काही ना काही त्रास झालेली कुत्री दर १०,००० मागे ३८ च्या आसपास निघाली, आणि त्यात किरकोळ त्रासही आले. छोट्या अंगाच्या कुत्र्यांत प्रमाण जास्त होतं, एकाच वेळी जास्त लसी टोचल्या की आणखी वाढत होतं, आणि डॅशहाऊंड, पग ही मंडळी यादीत वरच होती. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आता लसच नको बाई." तसंही नाही. रेबीज एकदा झाला की त्याला औषध नाही. डॉक्टरांनी लाडूच्या पुस्तिकेत लाल पेनाने नोंद केली, पुढची लस एकटी दिली, आधी ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं आणि तासभर तिथेच बसवून ठेवलं. त्या तासात तो फक्त कंपाउंडरवर भुंकला.

एका गोष्टीत मात्र लोकांची फार गल्लत होते. लसीनंतर चार-पाच दिवसांनी उलट्या, जुलाबात रक्त, पिल्लू निपचित, तर "लस बाधली" म्हणून घरी बसू नका. तो पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, असू शकतो. पहिल्या डोसाने पूर्ण संरक्षण मिळेलच असं नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते. म्हणून तर सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा देतात. पार्व्होत पिल्लाच्या अंगातलं पाणी भराभर जातं, सलाईनला उशीर परवडत नाही.

माझा आग्रह एकच, लस सकाळी टोचून घ्या. शनिवारी संध्याकाळी तर नकोच. रविवारी आपल्याकडे उघडा दवाखाना सापडायची मारामार. चिंगीची रेबीजची लस पुढच्या महिन्यात आहे, मी मंगळवारी सकाळची वेळ घेतलीय, आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर काकूंकडून फोनमध्ये घालून ठेवलाय.