अप्पांना ऐकू यायला हवं

रविवार, रात्री पावणेअकरा

आजचा सगळा दिवस टीव्हीच्या नव्या साउंड सिस्टीमच्या रिसीव्हरपुढे, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या डब्यापुढे गेला. शहाबादी फरशीवर रांगून गुडघे ठणकतायत, पण दोन आठवडे जे जमत नव्हतं ते आज जमलं. आकडे डोक्यात ताजे आहेत तोवर लिहून ठेवतो.

हे सगळं घेतलं ते अप्पांसाठी. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे, त्यांनी ३१ वर्षं माग चालवले. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला तेव्हा खालच्या सुरांपाशी रेघ बरी होती आणि ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडला होता. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाचा कान आधी तिथेच जातो. स, श, त, फ ही अक्षरं ओळखू येतात ती वरच्या सुरांवरून. म्हणजे ढोलाचा ठोका अप्पांना माझ्याइतकाच ऐकू येतो, पण बातम्यांत ‘साठ’ म्हणाले की ‘आठ’ ते कळत नाही. ऐकायचं मशीन ते कानात ठेवत नाहीत, काढून उशीखाली ठेवतात.

नवी सिस्टीम लागली आणि त्यांचं म्हणणं एकच. “आवाज लई मोठा हाय, पर बोलत्यात काय ते कळंना.” बसवायला आलेला मुलगा पुढचे दोन्ही स्पीकर ‘लार्ज’ आणि सबवूफर (खालच्या सुरांचा, म्हणजे बासचा वेगळा स्पीकर) ‘एलएफई + मेन’वर ठेवून गेला होता; एलएफई म्हणजे सिनेमातला खास बास-चॅनेल. बास भरपूर येतोय म्हणून मीही खूश होतो. आज कळलं की अप्पांपुरता हाच सगळा घोळ होता. ‘लार्ज’ म्हटलं की अगदी खालचा सूरही त्या पाच इंची स्पीकरकडे जातो, आणि ‘एलएफई + मेन’मुळे तोच सूर सबवूफरकडेही जातो. एकच बास दोन ठिकाणांहून येणार आणि शब्द त्याखाली गाडले जाणार.

‘स्मॉल’ हा शब्दच फसवा आहे. मला वाटायचं, तसं निवडलं म्हणजे चांगल्या स्पीकरला उगाच कमी लेखल्यासारखं. त्याचा अर्थ एवढाच, की खालचे सूर याच्याकडे पाठवू नका, सबवूफरकडे पाठवा. सगळे स्पीकर ‘स्मॉल’ केले, सबवूफर नुसत्या ‘एलएफई’वर आणला, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झ. मधल्या स्पीकरला माइकवाल्या आपोआप तपासणीने १५० दिला होता. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे बातम्या देणाऱ्याचा अर्धा गळा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून निघत होता! तोही ८०वर आणला आणि माणूस पडद्यावर परत आला. हा फरक मला लगेच कळला, अप्पांना थोड्या वेळाने.

एक चूक माझीच. ‘एलएफईचा एलपीएफ’ हा वेगळा आकडा असतो, एलएफईमधले त्याच्या वरचे सूर कापले जातात; तो मी मागच्या आठवड्यात हौसेने ८०वर नेला होता. सिनेमाच्या त्या खास बास-चॅनेलमध्ये १२० हर्ट्झपर्यंतचा आवाज असतो, मी तो वरून कापत होतो. परत १२०. सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटणही सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवलं, नाहीतर एकाच आवाजाला दोन चाळण्या लागतात.

मग जागा. हॉल १४ फूट लांब आहे. एवढ्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि मध्यावर पार बसतो. सबवूफर पुढच्या कोपऱ्यात, अप्पांची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली. दोघेही नेमके फुगवट्यावर. खुर्ची दीड फूट पुढे घेतली, तिच्यावर सबवूफर चढवला, बासचा सूर चालू ठेवला आणि भिंतीकडेने रांगत ऐकत गेलो. दाराजवळ नुसता घुमारा, देवघराच्या बाजूला पोकळ. खिडकी आणि टीव्हीच्या मधे, कोपऱ्यापासून साधारण तीन फुटांवर, सूर सारखा वाटला. सबवूफर तिथे ठेवला.

तरी एक खरखर राहिलीच. ठरावीक सुराला यायची आणि जायची. ही सबवूफरचीच म्हणून मी दुकानात दोनदा भांडून आलो होतो. अप्पा इतका वेळ बघत होते. उठले, आणि कानाने नाही, हाताने शोधायला लागले. आधी खिडकीच्या काचेवर तळवा ठेवला, मग भिंतीवर, मग लोखंडी कपाटावर. कपाटाच्या दारावर बोटं पसरली, थोडी दाबली, आणि खरखर थांबली. हात काढला की सुरू. “मागाचा बोल्ट ढिला झाला की असंच कळतंय,” एवढंच म्हणाले. आतून चादरीचा एक जुना तुकडा काढला, त्याची काठाची पट्टी फाडून चौपदरी घडी केली आणि दाराच्या फटीत बसवली. मी ते दार गेली दहा वर्षं रोज उघडतोय. मला ते कधी ऐकू आलं नव्हतं आणि हातालाही कळलं नव्हतं. त्यांचे हात बघत मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, रिमोट हातात.

जेवणानंतर पुन्हा माइक लावून तपासणी केली. सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबल आली. रिसीव्हर याहून खाली जाऊच शकत नाही, तेव्हा हा आकडा खरा धरता येत नाही. सबवूफरचाच व्हॉल्यूम कमी करून पुन्हा घेतलं, उणे ३ आलं. अंतर मात्र १७ फूट दाखवलं. टेप लावून मोजलं तर ११. सुधारणार होतो, पण हात आवरला. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला जो उशीर होतो, तो रिसीव्हर अंतरात धरतो. ते सहा फूट म्हणजे जेमतेम पाच मिलिसेकंद, पण खोडले तर सबवूफर बाकीच्यांच्या मागे पडणार. तसंच ठेवलं.

शेवटी मधला स्पीकर ३ डेसिबलने वाढवला. कमी आवाजातही बास भरून देणारी ती सोय संध्याकाळपुरती बंद ठेवायची. तिने सिनेमाला मजा येते, पण बातम्या देणाऱ्याचा आवाज जाड होतो.

साडेनऊच्या बातम्या लागल्या. मी काही विचारलं नाही. आई भाकऱ्यांचं फडकं झटकत होती. अप्पा खुर्चीत पुढे वाकलेले नव्हते, टेकून बसले होते. थोड्या वेळाने आईकडे वळून म्हणाले, “उजनीतनं पाणी सोडणारेत म्हणं. पिण्यासाठी.”

आईनेही ते ऐकलं होतं. तिने फक्त मान हलवली.

आवाज ४४वर होता. परवापर्यंत मी ६०वर लावत होतो.